एफआरपी म्हणजे दर की किमान दर? (ऊसवाले आणि बिगर-ऊसवाले, दोघांनी या)

आडसाली_वाळवा
राम राम मंडळी.
दसरा झाला की आमच्या वाळव्याच्या बाजूला दोनच गोष्टींवर वाद होतात. तोडणी कधी येणार आणि एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा, केंद्रानं ठरवलेला आकडा) किती. पहिल्याला देवाकडंही उत्तर नाही, म्हणून दुसऱ्याचं विचारतो.

हा शब्द आपण नक्की कुठल्या अर्थानं वापरतो? टीव्हीवाला सांगतो, केंद्रानं २०२५-२६ साठी एफआरपी टनाला ३५५० केली. कारखान्याच्या फलकावर असतं, 'एकरकमी एफआरपी ऊस उत्पादकांच्या खात्यावर जमा, हार्दिक अभिनंदन', बाजूला अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो. शेजारचे आबा म्हणतात, आमची एफआरपी एकतीसशे बसली. आंदोलनवाले म्हणतात, एफआरपी अधिक अमुक दिल्याशिवाय उसाला कोयता लावू देणार नाही. शब्द तोच, आकडा प्रत्येकाचा निराळा.

माझं म्हणणं असं की कायद्यात ही किमान रक्कम आहे. याच्या खाली जायचं नाही, एवढंच. पण आपल्या बोलण्यात तिचा 'दर' झाला, आणि कारखान्यांच्या बोलण्यात तर वरची मर्यादा. तेवढी दिली की उपकार, नाही दिली की 'आर्थिक अडचण'. हे असं का आणि कधीपासून झालं? जाणकारांनी लिहा. राजकारण थोडं येणारच, पण गट-तट नको.

खटावचा_दुष्काळी
आमच्याकडं पाणी आत्ता कुठं यायला लागलंय, त्यामुळं ऊस नवीन आणि शब्दही नवीन. आमच्या पारावर एफआरपीचा अर्थ ठरलेला हाय : फुकट राबणारा पाटील.

मिरजमसाला
धागा इथंच संपला. यापेक्षा बरोबर अर्थ कुणी सांगणार नाही. 😂

वामकुक्षी (कराड)
थांबा, संपवू नका. नोकरी सगळी शेतकी खात्यात गेली, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

एफआरपी म्हणजे सरकारी मराठीत 'रास्त व किफायतशीर दर'. मूळ आहे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश, जो जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली निघाला. त्यात आधी एसएमपी होती, म्हणजे वैधानिक किमान किंमत. त्या नावातच 'किमान' होतं, हे लक्षात ठेवा. २००९ साली आदेश बदलला, एसएमपी गेली आणि एफआरपी आली. २००८-०९ ची एसएमपी क्विंटलला ८१ रुपये १८ पैसे होती, ९ टक्के उताऱ्याला. २००९-१० ची पहिली एफआरपी १२९ रुपये ८४ पैसे, साडेनऊ टक्के उताऱ्याला. उडी मोठी दिसते. कारण उत्पादन खर्चावर नफा आणि जोखीम धरून ही रक्कम काढायची असं ठरलं.

पण त्याच बदलात आणखी एक कलम गेलं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. १९७४ पासून आदेशात ५-अ कलम होतं, भार्गव सूत्र म्हणायचे त्याला. हंगाम संपल्यावर साखरेच्या विक्रीतून जे जादा राहील त्यात उत्पादकाचाही वाटा. म्हणजे जुनी रचना दोन पायऱ्यांची : आधी किमान किंमत, मग फायद्यातला हिस्सा. नव्या रचनेत नफा आधीच धरलाय म्हणून दुसरी पायरी काढून टाकली. आडसाली, तुमच्या 'कधीपासून'चं उत्तर इथं आहे. ज्या कागदावर दोन आकडे होते तिथं एकच उरला. मग तोच दर झाला, लोकांनी दुसरं करायचं काय?

बाकी कायद्याचा दम अजून शिल्लक आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे. उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. तरीही नाही दिले तर साखर आयुक्त आरआरसी काढतात, म्हणजे जमीन महसुलाची थकबाकी समजून जिल्हाधिकाऱ्यांनी वसुली करायची, साखर जप्त करून विकायची.

पुण्यातला_भाचा
वामकुक्षीकाका, उत्तम माहिती. एक बाळबोध शंका. ही म्हणजे उसाची एमएसपीच ना? मग सरकार ऊस विकत घेतं का? नसेल तर पैसे कोण देतं?

वामकुक्षी (कराड)
नाही हो भाचेबुवा. सोयाबीनच्या हमीभावात सरकारी यंत्रणा खरेदीला उतरली तर भाव मिळतो. बाजारात व्यापाऱ्यानं कमी दिला तर आपण काय करतो ते आपल्यालाच ठाऊक. उसाला सरकार दमडी देत नाही. आकडा दिल्लीत ठरतो आणि द्यायचा कारखान्यानं, सहकारी असो वा खासगी. म्हणून हा आकडा वाढवताना दिल्लीचा हात कधी आखडत नाही.

माजी_चिटबॉय
काका, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं. मी दुसऱ्या बाजूनं लिहिणार आहे, जरा वेळ द्या. ड्युटीवर आहे.

कोरेगावची_लेक
मी पीककर्जाच्या सोसायटीत हिशेब बघते, त्यामुळे आबांचे एकतीसशे आणि टीव्हीचे ३५५० यातला फरक मला रोज समजावून सांगावा लागतो. इथं एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी लिंक देईन.

३५५० ही रक्कम १०.२५ टक्के उताऱ्याची आहे. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली ते. त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागं ३४ रुपये ६० पैसे वाढतात. आता समजा तुमच्या कारखान्याचा उतारा ११.७५ आहे. म्हणजे वर दीड टक्का, पंधरा वेळा ३४.६०, झाले ५१९. बेरीज ४०६९. ही झाली तुमच्या कारखान्याची एफआरपी. ती ऊस कारखान्याच्या दारात पोचवल्याची किंमत असते. आपल्याकडं तोडणी-वाहतूक कारखाना करतो, म्हणून तो खर्च वजा. तो समजा ९०० धरला तर हातात ३१६९. आबांचे एकतीसशे ते हे.

म्हणजे आडसालीदादा, सगळे एकाच एफआरपीबद्दल बोलतायत. टीव्हीवाला पायाभूत सांगतो, कारखाना ढोबळ सांगतो, आबा निव्वळ सांगतात. भांडण होतं कारण कुणीच पुढचं विशेषण लावत नाही. आमच्या सोसायटीत मी फळ्यावर लिहूनच टाकलंय : 'एफआरपी विचारताना कुठली ते सांगावे.'

आणि एक. उतारा साडेनऊच्या खाली गेला तरी पैसे त्याखाली कापत नाहीत, तिथं ३२९० रुपये ५० पैसे ही तळाची रक्कम आहे. आपल्या भागाला ती लागत नाही, पण मराठवाड्यातल्या पाहुण्यांना सांगायला उपयोगी.

आडसाली_वाळवा
वा! हे छापून चौकात लावतो. पण मग सांगा, फलकावर 'एफआरपी दिली' लिहितात त्यात अभिनंदन कशाचं?

मिरजमसाला
पासिंगला ३५ मार्क लागतात. आमचे चेअरमन ३५ पडले की पेढे वाटतात, आणि पेढ्याचे पैसे आपल्या बिलातून.

काटा_चोख
सगळे दरावर बोलतायत. दर गुणिले वजन, हे विसरलात व्हय? एका हंगामात आमी ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर तोलली आणि मग कारखान्याच्या. फरक बघून भाऊ काय बोलला ते इथं लिहिलं तर ॲडमिन मला हाकलतील. कारखान्याचं नाव घेत नाय. तिथं जाऊन विचारलं तर म्हणाले, "वाटंत वाढं खाली पडलं असंल." वाढं, म्हंजे उसाचा शेंडा! ट्रॉलीतनं वाढं पडून एवढं वजन घटतंय तर आमी ऊस नाय, वाढंच लावावं.

शिराळा_डोंगरी
@काटा_चोख, आणि मुकादमाच्या खुशालीचं काय? तोडीला टोळी आली की एकराला पैसे, वर जेवण, ड्रायव्हरची एन्ट्री वेगळी. कोरेगावच्या ताई, तुमच्या ३१६९ मधनं हे पण वजा करा. आमच्याकडं डोंगरात रस्ता नाही म्हणून भाव अजून चढा. तोडणी-वाहतूक एकदा बिलातनं कापतात, एकदा खिशातनं.

कोरेगावची_लेक
शिराळादादा, खरंय. पण त्याची पावती मिळत नाही, त्यामुळं माझ्या फळ्यावर बसत नाही.

गणित_मास्तर_विटा
आता माझं आवडतं प्रकरण. एफआरपी वाढली, वाढली म्हणतात, पण खालचा पाया कसा सरकवला जातो ते बघा.

२०१७-१८ ला एफआरपी २५५ रुपये क्विंटल, साडेनऊ टक्क्याला. २०१८-१९ ला २७५, पण दहा टक्क्याला. बातमी आली, वीस रुपयांची वाढ. आता जुन्या हिशेबानं दहा टक्क्याला किती झाले असते? २५५ भागिले ९.५ गुणिले १०, म्हणजे २६८ रुपये ४२ पैसे. खरी वाढ साडेसहा रुपये.
पुन्हा २०२१-२२ ला २९० दहा टक्क्याला, २०२२-२३ ला ३०५ सव्वादहाला. बातमीत पंधरा रुपये वाढ. जुन्या हिशेबानं सव्वादहाला २९७ रुपये २५ पैसे होतातच. खरी वाढ पावणेआठ.

आमच्या वर्गात कुणी छेद बदलून अंश तेवढा वाचून दाखवला असता तर बाकावर उभा केला असता.

वामकुक्षी (कराड)
मास्तर, फर्स्टक्लास. यात भर घालतो. एसएमपीच्या काळात पाया आधी साडेआठ होता, मग नऊ. म्हणजे पाया सरकवण्याची खोड नवी नाही. समर्थन असं असतं की जाती सुधारल्या, को ८६०३२ आली, उतारे वाढले, म्हणून पाया वाढवला. पण उतारा वाढवला कुणी? शेतकऱ्यानं आणि पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी. त्याचं बक्षीस कुणाला, हा तुमचा-माझा प्रश्न.

माजी_चिटबॉय
आलो. आता शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. मी चिटबॉय होतो, म्हणजे कारखान्याकडून उसाच्या नोंदी आणि तोडीच्या चिठ्ठ्या बघणारा, नंतर ऑफिसात आलो. कारखान्याचं सगळंच खोटं असतं असं नाही.

साखरेची किमान विक्री किंमत केंद्रानं जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरवली, फेब्रुवारी २०१९ ला ३१ केली. २०२४-२५ च्या हंगामातही ती ३१ च होती. तेवढ्यात एफआरपी २७५ वरून ३४० वर गेली. कच्च्या मालाचा भाव दरसाल वाढवायचा आणि पक्क्या मालाचा तिथंच ठेवायचा, हे कुठल्या धंद्यात बसतं? बाजारात साखर ३१ च्या वर जाते हे मान्य, पण बँक तारणावर कर्ज देताना हात राखूनच देते. १४ दिवसांत शेतकऱ्याला द्यायचे, आणि साखर विकायची वर्षभर, दर महिन्याच्या कोट्यानं. मधलं व्याज कोण भरणार? इथेनॉलवर भिस्त ठेवून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, तर डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करायला अचानक बंदी. पुढं ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली, पण तोवर एक हंगाम गेला.

आणि आयकराचं ऐका, हे या धाग्याच्या विषयातच बसतं. सहकारी कारखान्यानं किमान दरापेक्षा जास्त दिलं तर आयकर खातं म्हणायचं, हा उसाचा खर्च नाही, ही नफ्याची वाटणी, यावर कर भरा. म्हणजे 'किमान' या शब्दाचा अर्थ त्यांनी असा लावला की त्याच्या वरचं सगळं नफा! वर्षानुवर्षं नोटिसा. २०१५ च्या अर्थसंकल्पात पुढच्यासाठी तोड निघाली, आणि मागची भानगड २०२३ च्या अर्थसंकल्पात मिटली. जवळजवळ दहा हजार कोटींचा दिलासा असा आकडा तेव्हा भाषणात आला होता. मग सांगा, किमान दराच्या वर द्यायची कुणाची छाती होणार?

आडसाली_वाळवा
चिटबॉय, ही बाजू मला नवीन आहे आणि मुद्दा दमदार आहे. म्हणजे 'किमान'चं 'कमाल' करण्यात आयकरवाल्यांचाही हात. पण एक विचारू? २०२३ ला भानगड मिटली. त्यानंतर छाती झाली का?

माजी_चिटबॉय
काही ठिकाणी झाली. शेजारच्यानं किती दिले त्यावर असतं. ऊस पळवापळवी सुरू झाली की आपोआप छाती होते.

काटा_चोख
हे बरोबर बोललास गड्या. ऊस कमी असला की चेअरमनचा फोन येतो, "आबा, तब्येत कशी?" ऊस जास्त झाला की शिपाई पण ओळख दाखवत नाय.

पेव_हरिपूर
माझं विषयांतर सहन करा. आमच्या हळदीला ना हमीभाव, ना एफआरपी, ना टीव्हीवर पट्टी. सांगलीच्या मार्केट यार्डात सौदा, अडत्या बोली लावणार, आपण बाजूला उभं राहून बघायचं. आमच्या हरिपुरात हळद साठवायची मातीतली पेवं होती, २००५ च्या पुरात पाणी शिरलं, बरीच गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय मानांकन मिळालं, कौतुक झालं. मग हळद मंडळ कुठं झालं? निजामाबादला. त्यामुळं उसवाल्यांनो, तुम्हाला भांडायला एक आकडा तरी आहे. आम्ही भांडावं कुणाशी?

तासगावकर_काकू
पेवदादा, बेदाण्याचंही तेच. शेडवर माल पडून, आणि भाव विचारला की "बघू, दिवाळीनंतर." पण तरी मी उसाच्या आकड्याला फार भाग्यवान म्हणणार नाही. माझं माहेर ऊसपट्ट्यातलं. वडिलांच्या बिलाची पावती मी लहानपणापासून वाचते, कारण वडिलांना चष्मा सापडत नसे. वर टनेज आणि दर. मग खाली वजावटींची रांग : सोसायटीची वसुली, पाणीपट्टी, उधारीवर उचललेलं खत, बियाणं, बिनपरतीची ठेव, परतीची ठेव (जी कधी परत आलेली मी पाहिली नाही), कुठल्यातरी फंडाला टनामागं अमुक. शेवटी तळाला 'अदा रक्कम'. आई फक्त तळची ओळ विचारायची. तिच्या लेखी एफआरपी म्हणजे ती ओळ.

आणि दिवाळीची साखर! सभासदाला सवलतीच्या दरातली. ते पोतं आणायला घरातली दोन माणसं आणि अर्धा दिवस. पण कारखाना आपला आहे असं वाटायचं ते त्या पोत्यामुळंच, हे कबूल करायला हवं.

मिरजमसाला
बिनपरतीची ठेव हा मराठी भाषेला सहकारानं दिलेला सर्वात मोठा अलंकार. 'ठेव' आणि 'बिनपरतीची'! कुठल्या शाळेत शिकतात हे?

गणित_मास्तर_विटा
विरोधाभास अलंकार. शाळेतच शिकवतात.

पुण्यातला_भाचा
मी पुन्हा बाळबोध. 'रास्त आणि किफायतशीर' असं नाव आहे, तर रास्त कुणी ठरवलं? खर्च कुणाचा धरतात?

वामकुक्षी (कराड)
बाळबोध नाही, हाच कळीचा प्रश्न आहे. शिफारस करतो कृषी मूल्य आयोग, मंजूर करतं केंद्रीय मंत्रिमंडळ. २०२५-२६ साठी त्यांनी धरलेला खर्च क्विंटलला १७३ रुपये, आणि एफआरपी ३५५. म्हणून सरकार सांगतं, खर्चाच्या वर १०५ टक्के. ऐकून कुणालाही वाटेल की ऊसवाला कोट्यधीश आहे. पण हा १७३ म्हणजे 'ए२ अधिक एफएल', म्हणजे हातचे पैसे घालून केलेला खर्च आणि घरच्या माणसांच्या राबण्याची मजुरी. तीही देशभराची सरासरी. त्यात जमिनीचं भाडं नाही, स्वतःच्या भांडवलाचं व्याज नाही. ते धरलं की त्याला 'सी२' म्हणतात. स्वामिनाथन आयोगाच्या नावानं जे दीडपट मागतात ते सी२ वर मागतात. कृष्णाकाठच्या काळ्या रानाचा खंड आज काय आहे ते इथल्या कुणालाही विचारा, मग १७३ मध्ये काय सुटलंय ते कळेल.

'रास्त' शब्दाचं म्हणाल, तर सरकारी मराठीत तो 'रास्त भाव दुकान' या पाटीवर आहे. तिथंही रास्त कुणासाठी, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

शिराळा_डोंगरी
उत्तर प्रदेशात टनाला ४००० म्हणतात. मग आपल्याला का नाही? तिथल्या माणसानं काय वेगळा ऊस लावलाय?

वामकुक्षी (कराड)
तिथं राज्य सरकार स्वतःचा दर काढतं, एसएपी, राज्य सल्लागार किंमत. २०२५-२६ ला लवकरच्या जातींना क्विंटलला ४००. त्यात उताऱ्याचा संबंध नाही. पण तिथं शेतकरी ऊस स्वतः तोडून, स्वतःच्या ट्रॉलीनं कारखान्यावर किंवा खरेदी केंद्रावर पोचवतो. तो खर्च त्याचा. मघाच्या हिशेबात ताईंची ढोबळ रक्कम ४०६९ होती, ती शेजारी ठेवून बघा. आकडे तेवढे लांब नाहीत. मात्र सव्वाअकरा-बाराचा उतारा देऊन आपण त्यांच्याएवढंच घेतो, हे दुखणं खरं.

आडसाली_वाळवा
बरं, आता मूळ प्रश्नावर येऊ. 'एकरकमी' हा शब्द एफआरपीला कुठून चिकटला? कायद्यात १४ दिवस म्हटलंय तर एकरकमी वेगळं सांगायची गरज काय?

माजी_चिटबॉय
कारण मध्ये तुकडे झाले. आपल्याकडं रीतच तशी : पहिली उचल, मग पावसाळ्याच्या तोंडावर हप्ता, मग दिवाळीला अंतिम बिल. बेंदराला पैसे, दिवाळीला पैसे, घरालाही बरं पडायचं. खोटं बोलत नाही, पुष्कळ सभासदांनाच ते हवं होतं, एकदम आले की एकदम जातात म्हणून. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढून त्यावर शिक्का मारला : पहिला हप्ता पायाभूत उतारा धरून, पुणे आणि नाशिक विभागाला दहा टक्के, बाकीच्यांना साडेनऊ. उरलेलं हंगाम संपल्यावर, त्या हंगामाचा खरा उतारा काढून.

कोरेगावची_लेक
बरं पडायचं असेल तर ज्याला हवं त्यानं बँकेत ठेवावं ना दादा. कारखान्यानं बिनव्याजी का ठेवून घ्यायचं? दीड-दोन टक्के उताऱ्याचे पैसे म्हणजे टनाला पाचशे-सातशे. तेवढे सहा-आठ महिने वापरायला. आणि इकडं आमच्या सोसायटीत जूनच्या आत कर्ज भरलं नाही तर व्याजसवलत जाते. शेतकऱ्याचे पैसे तिकडं अडकलेले, व्याज इकडं चालू. मी रोज ही माणसं काउंटरवर बघते.

वामकुक्षी (कराड)
लेकीला शंभर मार्क. तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये रद्द केला. राजू शेट्टी गेले होते न्यायालयात. मुद्दा सरळ होता, केंद्राच्या आदेशानं जे १४ दिवसांत द्यायचंय त्याचे राज्याला तुकडे करता येत नाहीत. या तुकड्यांच्या वादातून 'एकरकमी' हा शब्द फलकावर आला. कायद्यानं जे करणं भाग आहे त्याचं विशेषण झालं.

खटावचा_दुष्काळी
म्हंजे 'विनाअपघात प्रवास' असं एष्टीवर लिवल्यागत.

तासगावकर_काकू
😂😂

गणित_मास्तर_विटा
वामकुक्षी, तुम्ही म्हणालात २००९ ला दुसरी पायरी काढली. पण ७०:३० काय आहे मग? ती दुसरी पायरीच ना?

वामकुक्षी (कराड)
मी वाटच बघत होतो कोण विचारतंय. रंगराजन समितीनं २०१२ ला सुचवलं, साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातले ७० टक्के उसाला, ३० टक्के कारखान्याला. नुसती साखर धरली तर ७५. महाराष्ट्रानं २०१३ ला ऊस दर नियमनाचा कायदा करून हे घेतलं, ऊस दर नियंत्रण मंडळही नेमलं. म्हणजे आपल्या राज्यात आजही रचना दोन पायऱ्यांचीच आहे. हंगामात एफआरपी. हंगाम संपल्यावर ७०:३० चा हिशेब. तो एफआरपीच्या वर गेला तर फरक ऊस घालणाऱ्याला. खाली गेला तरी एफआरपी द्यावीच लागते.

आडसालीचं म्हणणं कायद्याच्या अंगानं शंभर टक्के बरोबर आहे. एफआरपी ही किमानच आहे. दर ठरतो तो ७०:३० ला. पण ज्या आकड्यावर रास्ता रोको होतो तो ऑक्टोबरमधला, आणि ज्या आकड्यात खरा दर लपलाय तो येतो पुढच्या वर्षी. तेव्हा आपण सगळे लावणीत गुंतलेले असतो.

माजी_चिटबॉय
आणि ७०:३० काढताना साखरेचा कुठला भाव धरला, इथेनॉल, बगॅस (उसाचा चोथा) आणि मळीचं काय धरलं, यात सगळी मेख असते. बी-हेवी मळी (जिच्यात अजून साखर शिल्लक असते) इथेनॉलला गेली की साखर कमी निघते, कागदावर उतारा घटतो. ती घट हिशेबात परत धरायची असते. धरलीय का, हे विचारणारा सभासद मी माझ्या नोकरीत क्वचित बघितला. दर विचारायला सगळे येतात, उतारा विचारायला कुणी येत नाही. ०.१ चा फरक म्हणजे टनाला साडेचौतीस रुपये. पन्नास टनाला १७३०.

काटा_चोख
आता हे वाचून माझं डोकं आणखी फिरलं. काटा बघू, उतारा बघू, का ७०:३० बघू? ऊस कवा बघू?

आडसाली_वाळवा
ठीक. वार्षिक सभा तोंडावर आहे. लेखी प्रश्न द्यायचा विचार आहे : 'मागील हंगामाचा ७०:३० चा हिशेब, त्यात धरलेले साखरेचे व उपपदार्थांचे दर आणि इथेनॉलमुळे घटलेल्या उताऱ्याची भर, सभेत वाचून दाखवावी.' भाषा बरोबर आहे का? ताई, चिटबॉय, बघा.

कोरेगावची_लेक
'सभेत वाचून दाखवावी' च्या पुढं 'व लेखी द्यावी' घाला. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्क्यासकट. नुसती सही नको.

माजी_चिटबॉय
सभेच्या आधी ठरलेल्या मुदतीत प्रश्न द्यावा लागतो, नोटिशीत खाली बारीक अक्षरात तारीख असते, ती बघा. मुदत टळली की "विषयपत्रिकेत नाही" म्हणून बसवतात.

शिराळा_डोंगरी
मुदत गेली असेल तर 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय', त्यात उठा.

मिरजमसाला
आयत्या वेळच्या विषयापर्यंत पोचलेला सभासद मी अजून बघितला नाही. पहिल्या विषयाला मागनं "मंजूर, मंजूर" सुरू होतं ते थेट राष्ट्रगीतालाच थांबतं.

आडसाली_वाळवा
नोटीस काढून बघितली. मुदत परवापर्यंत आहे. उद्या सकाळी जाऊन देतो. वाळव्याकडचे आणखी कोण येणार असेल तर व्यक्तिगत निरोप करा, एकट्याच्या अर्जापेक्षा पाच सह्या बऱ्या.

काटा_चोख
माझी सही धर. आणि खाली काट्याचं पण एक वाक्य टाक.